माळव्यातल्या गावात हौशी रेडिओ: निवृत्तीनंतर स्टेशन कसे उभारावे

इंदूरमध्ये नोकरी-धंदा करून निवृत्त झालेली आणि महू, सिमरोल किंवा मानपूरच्या बाजूला एखाद्या गावात घर बांधून राहायला गेलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत. गावात आल्यावर सुरुवातीचा काळ घर लावण्यात, बोअरिंगची आणि कुंपणाची कामे करून घेण्यात, आंब्या-लिंबाची रोपे जगवण्यात निघून जातो; त्यानंतर हाताशी वेळ उरतो आणि त्या वेळेला साजेसा उद्योग शोधावा लागतो. ज्यांना हाताने काही जुळवण्याची, लक्ष देऊन ऐकण्याची आणि मोकळ्यावर फिरण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी हौशी रेडिओ म्हणजेच हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या रेडिओ यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलणे, हा फार चांगला छंद आहे, आणि तो शहरापेक्षा गावातच अधिक फुलतो असे माझे ठाम मत आहे.

यामागचे कारण तांत्रिक आहे. शहरातल्या इमारतीत एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटर, इन्व्हर्टर आणि लिफ्टची यंत्रणा यांतून सतत विद्युत गोंगाट बाहेर पडत असतो आणि दूरच्या स्टेशनचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. गावात शेजारचे घर शेताच्या पलीकडे असते, त्यामुळे तोच क्षीण आवाज स्वच्छ ऐकू येतो. कितीही महाग यंत्र घेतले तरी ही शांतता बाजारात मिळत नाही. म्हणून गावात स्टेशन उभारताना प्रत्येक निर्णय घेण्यापूर्वी, यामुळे आपल्या जागेची शांतता टिकेल की बिघडेल, हा प्रश्न आधी विचारावा. पुढील सर्व सूचना याच धोरणाने दिल्या आहेत.

आधी ऐकावे

यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर, २००८ मध्ये सुरू झाला. त्यावर घरबसल्या लघुलहरींवरची संभाषणे ऐकता येतात. पहिले काही आठवडे असेच रिसीव्हर ऐकावेत, म्हणजे सिंगल साइडबँडचा (लघुलहरींवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा) आवाज कसा लावून घ्यायचा, लोक एकमेकांना कसे बोलावतात, संभाषण कसे संपवतात, हे कानात बसते. सिंगल साइडबँडवर सूर किंचित जरी चुकला तरी माणसाचा आवाज बदकासारखा ऐकू येतो. डायल अगदी हळू फिरवून तो माणसाच्या आवाजावर आणणे ही सवयीची गोष्ट आहे आणि ती आधीच जमलेली असली तर पुढे त्रास होत नाही.

कोणत्या वेळी कोणता पट्टा (वारंवारितांचा ठरावीक टापू) चालतो हेही ऐकूनच कळते. वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबराचा सर्वांत खालचा, डी नावाचा थर दिवसा सूर्यप्रकाशाने तयार होतो आणि कमी वारंवारितेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि वरच्या एफ थरावरून लहरी दूरवर परावर्तित होतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ७ मेगाहर्ट्झचा पट्टा सकाळी देशांतर्गत संभाषणासाठी उत्तम असतो आणि रात्री बराच दूरचा पल्ला गाठतो, तर १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झचे पट्टे दिवसा उघडतात. तिन्हीसांजेच्या सुमारास १४ मेगाहर्ट्झवर युरोपातली स्टेशने बऱ्याचदा चांगली येतात. शेतकरी जसा ऋतू पाहून काम ठरवतो तसे इथे घड्याळ आणि सूर्य पाहून पट्टा ठरवावा लागतो. सूर्यावरच्या डागांचे साधारण अकरा वर्षांचे चक्रही यात महत्त्वाचे आहे. सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. चक्र उतरणीला लागले की आधी २८ मेगाहर्ट्झचा पट्टा मंदावतो आणि ७ मेगाहर्ट्झसारखे खालचे पट्टे अधिक भरवशाचे ठरतात. त्यामुळे पहिली अँटेना याच पट्ट्याची असावी.

परवाना

भारतात हौशी रेडिओ स्टेशन चालवण्यासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेचा परवाना लागतो. अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर करावा लागतो. शुल्क, मुदत आणि कागदपत्रे यांची चालू माहिती तिथूनच घ्यावी, कुणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीपासून पुढे कोणालाही परीक्षेला बसता येते, म्हणजे आजोबा आणि नातवंडाने एकत्र अभ्यास करण्यास काहीच हरकत नाही. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. परीक्षेत रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम असे दोन भाग असतात. जनरल श्रेणीसाठी मोर्स संकेतांची चाचणीही द्यावी लागते, रिस्ट्रिक्टेडसाठी ती लागत नाही. रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या स्टेशनांची बोलखूण (स्टेशनला दिलेले सांकेतिक नाव) व्हीयू३ ने, तर जनरल श्रेणीची व्हीयू२ ने सुरू होते.

शाळेत शिकलेला ओहमचा नियम, धारित्र आणि प्रेरकत्व यांची उजळणी केली तर शास्त्राचा भाग अवघड नाही. बँकेत, शाळेत किंवा पोस्टात आयुष्य गेलेल्या माणसालाही रोज तासभर बसून तो जमतो. परीक्षेनंतर सुरक्षा पडताळणीत काही महिने जाऊ शकतात; हा काळ अँटेनाची जागा तयार करण्यात आणि मोर्स शिकण्यात घालवावा.

इथे दोन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, त्यामुळे ज्यांचे घर इंदुरात आणि वास्तव्य गावात आहे त्यांनी यंत्र प्रत्यक्ष जिथे बसवायचे तो पत्ता द्यावा आणि तो बदलला तर विभागाकडे नोंद करून घ्यावी. आणि परवाना हाती येण्याआधी ऑनलाइन दिसणारे स्वस्त वॉकी-टॉकी मागवू नयेत; विनापरवाना प्रेषक (लहरी पाठवणारे यंत्र) बाळगणे हा गुन्हा आहे.

परवाना आल्यावर त्याची प्रत सरपंचांना दाखवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन ठेवावी. गावात खांब उभा राहिला की चर्चा होते, मोबाइल टॉवर येतो आहे की काय अशी शंका घेतली जाते, आणि ती आधीच दूर केलेली बरी. महूच्या परिसरात तर ही खबरदारी अधिकच घ्यावी, कारण ते लष्करी ठाणे आहे आणि सैन्याचे मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगही तिथेच आहे. छावणीच्या हद्दीजवळ यंत्र घेऊन बसू नये.

जागेचा गोंगाट शोधणे

खोली निवडण्याआधी बॅटरीवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्यावा, मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावावा आणि तो हातात धरून घरभर, अंगणभर आणि कुंपणाच्या कडेने फिरावे. जिथे खरखर वाढते तिथे गोंगाटाचा उगम आहे. मग घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा फिरावे. खरखर थांबली तर दोष आपल्या घरात आहे, नाही थांबली तर बाहेर आहे. घरातला दोष शोधण्यासाठी एकेक सर्किट चालू करत जावे. स्वस्त एलईडी बल्ब आणि चार्जर हे नेहमीचे अपराधी असतात. त्यांच्या जागी चांगल्या प्रतीचे लावणे हा सर्वांत सोपा इलाज आहे. छपरावर सौरपॅनेल असेल आणि गोंगाट फक्त दिवसा येत असेल, तर पॅनेलवर जाड गोधडी टाकून पाहावी. गोंगाट थांबला तर चार्ज कंट्रोलर दोषी आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारांना फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून अनेक वेढे देऊन घ्यावेत. लघुलहरींसाठी ३१ किंवा ४३ क्रमांकाच्या मिश्रणाचे फेराइट लागते. तार कड्यातून एकदाच गेल्याने फारसा उपयोग होत नाही, वेढ्यांनी होतो.

माळव्यातल्या शेतीत गोंगाटाचा एक खास उगम आहे, तो म्हणजे झटका मशीन. नीलगाय आणि रानडुकरांपासून गहू-हरभरा वाचवण्यासाठी अनेक शेतकरी कुंपणाच्या तारेत ते लावतात. रिसीव्हरमध्ये साधारण दर सेकंदाला एक, असा टक्-टक् आवाज ठोक्यासारखा येऊ लागला की ओळखावे. येथे एक बाब नीट समजून घेण्यासारखी आहे: कुंपण व्यवस्थित असेल तर ते फारसा आवाज करत नाही. आवाज होतो तो ठिणगी पडते म्हणून, आणि ठिणगी पडते ती तारेला गवत टेकल्यामुळे, सैल सांध्यामुळे किंवा तडकलेल्या इन्सुलेटरमुळे. अशा कुंपणाचा झटकाही कमी झालेला असतो, म्हणजे शेजाऱ्याच्या पिकाचेच नुकसान होत असते. त्यामुळे तक्रार घेऊन जाण्याऐवजी ट्रान्झिस्टर घेऊन जावे. सायंकाळी तारेच्या कडेने चालत गेल्यास आवाज कुठे वाढतो ते कानाला कळते आणि अंधार पडल्यावर ती बारीक निळसर ठिणगी डोळ्यांनाही दिसते. मशीन शेजाऱ्याच्याच हातून बंद करून घ्यावे, गवत कापावे, सांधा घट्ट करावा. शेजारी खूश होतो आणि आपला पट्टाही साफ होतो.

विजेच्या खांबावरच्या सैल जोडातूनही करकर येते. ती कोरड्या हवेत वाढते आणि पाऊस पडला की पुष्कळदा थांबते, ही तिची खूण. खांबाचा क्रमांक टिपून वीज कंपनीकडे लेखी द्यावा. खांबाला स्वतः हात लावू नये, हलवूनही पाहू नये.

काळ्या मातीत खांब आणि त्यावर तार

पहिली अँटेना म्हणून ७ मेगाहर्ट्झचा साधा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन सारख्या भागांची तार, घ्यावा, आणि तो मधोमध उंच व दोन्ही टोकांना उतरता, म्हणजे उलट्या व्हीच्या आकारात टांगावा. यासाठी एकच खांब लागतो. नऊ मीटर उंची पुरेशी आहे. एवढ्या कमी उंचीवरचा डायपोल बराचसा जोर वर आकाशाकडे फेकतो आणि लहरी आयनांबरावरून जवळजवळ सरळ खाली परततात, त्यामुळे दिवसा भोपाळ, नागपूर, अहमदाबाद, पुणे अशा काहीशे किलोमीटरच्या पट्ट्यात संभाषण भरवशाने होते. निवृत्त माणसाने उंच मनोऱ्याच्या मागे लागू नये असे मी आग्रहाने सांगेन. खांबाच्या टोकाला कप्पी बसवावी, तिच्यातून पॉलिएस्टरचा दोर ओवावा आणि अँटेना जमिनीवर उभे राहूनच वर-खाली करता येईल अशी व्यवस्था करावी. शिडीवर चढण्याची गरज कधीही पडता कामा नये. नायलॉनचा साधा दोर उन्हाने लवकर कुजतो, म्हणून तो वापरू नये.

माळव्याची काळी माती खांबासाठी फसवी आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि मे महिन्यात तिला पडलेल्या भेगांत बोटे सहज जातात. नुसता खड्डा करून त्यात पाइप रोवला आणि तीच माती परत भरली, तर एका पावसाळ्यात खांब कलतो. म्हणून काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणावे, खड्ड्यातून निघालेली माती परत न घालता मुरूम आणि दगडांनी थराथराने ठोकून भरावे, आणि जमिनीच्या पातळीवर पाणी साचणार नाही असा उतार द्यावा. तीन दिशांना सारख्या कोनात ताण (खांबाला धरून ठेवणारे दोर किंवा तारा) द्यावेत. ताणांच्या खुंट्या खांबापासून त्याच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक अंतरावर असाव्यात. पहिला मोठा पाऊस झाल्यावर आणि पुन्हा एप्रिलमध्ये हे ताण तपासून घट्ट करावेत, कारण माती हलली की तेही सैल होतात.

विजेच्या तारांपासून अँटेनाचे अंतर इतके असावे, की खांब किंवा तार कोणत्याही दिशेने पडली तरी त्यांना स्पर्श होणार नाही. या नियमाला अपवाद नाही.

तारेची लांबी काढण्याचे सूत्र सोपे आहे: १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले की डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी ती सुमारे २०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे १०.०५ मीटर. घराच्या वायरिंगची प्लास्टिक आवरणाची तांब्याची तार चालते, मात्र आवरण, उंची आणि टोकांचा उतार यांमुळे प्रत्यक्ष लांबी थोडी बदलते. म्हणून प्रत्येक बाजू १०.४ मीटर कापावी, अँटेना वर चढवावी आणि एसडब्ल्यूआर मीटरने किंवा अँटेना अॅनलायझरने सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून यंत्राकडे किती शक्ती परतते ते दाखवणारा आकडा) कोणत्या वारंवारितेवर येतो ते पाहावे. समजा तो ६.९ मेगाहर्ट्झवर आला. तर २०.८ ला ६.९ ने गुणून ७.१ ने भागावे. उत्तर सुमारे २०.२ येते. म्हणजे एकूण साठ सेंटीमीटर, प्रत्येक बाजूला तीस सेंटीमीटर कमी करायचे. लगेच कापू नये. जादा तार टोकाशी मागे दुमडून त्याच तारेला घट्ट गुंडाळावी, पुन्हा मोजावे आणि समाधान झाल्यावर मगच कापावी. हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही चालतो, कारण तो तिथे तिप्पट वारंवारितेवर अनुनादात येतो. एका तारेत दोन पट्टे मिळतात.

टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून पुरतात. प्रेषण चालू असताना टोकांवर मोठा विद्युतदाब असतो, म्हणून ती मुलांच्या हाताला आणि गुरांच्या शिंगांना लागणार नाहीत इतकी, निदान अडीच-तीन मीटर उंच असावीत. मधोमध १:१ चा करंट बालुन (तार आणि केबल जोडणारा, केबलच्या बाहेरून प्रवाह वाहू न देणारा भाग) लावावा आणि तिथून ५० ओहमची कोॲक्सियल केबल खाली आणावी. लघुलहरींना आरजी-५८ ची वीस मीटर केबल चालते. मात्र तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला वापरली तर निम्म्याहून अधिक शक्ती केबलमध्येच खर्च होते, म्हणून तिथे आरजी-२१३ घ्यावी किंवा केबल आखूड ठेवावी. जोडांवर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारा रबरी टेप गुंडाळावा आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक वळण द्यावे, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच गळून पडते.

चोरल-पाताळपाणीच्या जंगलपट्ट्याजवळ राहणाऱ्यांना वानरांचा उपद्रव होतो. तार दोन्हीकडे ताठ बांधली असेल तर वानर लोंबकळले की ती तुटते. टोकाचा दोर झाडाला गाठ मारून बांधण्याऐवजी फांदीवरून घेऊन त्याला पाण्याने भरलेली बाटली किंवा दगड लटकवावा. तारेवर भार आला की वजन वर सरकते आणि तार वाचते. वाऱ्यात झाड हलते तेव्हाही हीच युक्ती उपयोगी पडते. इंदूर भागात संक्रांतीला पतंग भरपूर उडतात, तेव्हा त्या दिवशी अँटेना खाली उतरवून ठेवलेली चांगली.

पावसाळा आणि वीज

मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागतात. आकाशात काही दिसण्यापूर्वीच ७ मेगाहर्ट्झवर कडाड-कडाड असे आवाज येऊ लागतात. ते दूर पडणाऱ्या विजांचे असतात. त्यांची संख्या आणि जोर वाढत गेला की वादळ जवळ येते आहे असे समजावे आणि त्याच वेळी केबल काढावी. प्रत्यक्ष गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पडण्याच्या टप्प्यात आपण आलेलो असतो, तेव्हा केबलला हात लावण्याची वेळ टळून गेलेली असते. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा साधा नियम असा ठेवावा: वापर संपला की केबल यंत्रातून काढायची आणि तिचे टोक खिडकीबाहेर अर्थिंगच्या पट्टीजवळ ठेवायचे. अर्थिंगचा दांडा ओल टिकणाऱ्या जागी, उदाहरणार्थ हातपंपाच्या किंवा मोरीच्या पाण्याच्या वाटेजवळ ठोकावा, आणि तो घराच्या विजेच्या अर्थिंगशी जाड तारेने जोडलेला असावा. दोन वेगवेगळी, न जोडलेली अर्थिंग ठेवणे धोक्याचे असते.

पावसाळ्यात केबलची वेटोळी पडवीत जमिनीवर टाकून ठेवू नयेत. त्यांच्याखाली विंचू आणि साप आसरा घेतात. ती भिंतीवरच्या खुंटीला टांगावीत.

यंत्राला वीज कशी द्यावी

गावात दिवे जातात, आणि दिवे गेल्यावर पट्टा सर्वांत शांत असतो, कारण आजूबाजूचे सगळे चार्जर बंद पडलेले असतात. ती वेळ वाया जाऊ नये म्हणून स्टेशन पहिल्यापासून १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालवावे. इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून पुन्हा १२ व्होल्ट करणे म्हणजे गोंगाट स्वतःहून घरात आणणे आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी हलकी असते, पाणी मागत नाही आणि उचलून डोंगरावर नेता येते. दहा वॉटच्या यंत्राला ऐकताना सुमारे अर्धा अँपिअर आणि बोलताना सुमारे अडीच अँपिअर लागतात असे धरले, तर तीन तासांच्या बैठकीत, त्यात अर्धा तास बोलणे असले तरी, अडीच अँपिअर-तासांच्या आसपास खर्च होतो. बारा अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार संध्याकाळी आरामात पुरते. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच असावा. उन्हाळ्यात बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नये.

बॅटरीचा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा अंदमानात हौशी रेडिओचालकांचे पथक दूरच्या संपर्कांच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. दळणवळण कोलमडल्यावर त्यांच्या स्टेशनांनी मदतकार्याचे निरोप पोहोचवले. आपले स्टेशन वीज नसतानाही चालते हे महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून पडताळून पाहावे.

पहिले बोलणे आणि मोर्स

१० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर साइडबँड आणि वर अपर साइडबँड वापरण्याची रीत आहे. बोलण्यापूर्वी थोडा वेळ नुसते ऐकावे, मग जागा मोकळी आहे का असे विचारून आपली बोलखूण सांगावी, आणि त्यानंतर सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी हाक) म्हणावे. कोणी उत्तर दिल्यास त्याची बोलखूण आधी आणि आपली नंतर घ्यावी, आवाज किती स्पष्ट व किती जोरात येतो ते दोन आकड्यांत सांगावे, नाव आणि गाव सांगावे. बोलखूण सुरुवातीला, शेवटी आणि अधूनमधून सांगत राहावी. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर हिंदी, इंग्रजी, तामिळ, मल्याळम आणि मराठीही ऐकू येते. समोरच्याला समजेल ती भाषा बोलावी. हौशी रेडिओवर व्यापार, राजकारण आणि संगीत निषिद्ध आहे. शेजाऱ्याच्या सोयाबीनचा मंडीतला भाव दुसऱ्या गावच्या हौशी रेडिओचालकाला विचारणे निरुपद्रवी वाटले तरी ते नियमात बसत नाही. संभाषण हवामान, यंत्रे, अँटेना आणि तब्येतपाणी एवढ्यावर छान चालते.

साठीनंतर अनेकांना उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात आणि गर्दीच्या पट्ट्यावर शब्द निसटतात. अशांनी चांगला हेडफोन वापरावा आणि मोर्सकडे जरूर वळावे. मोर्समध्ये एकच सूर ऐकायचा असतो आणि तो आपल्या कानाला सोसेल त्या पट्टीवर, उदाहरणार्थ ५०० किंवा ६०० हर्ट्झवर लावता येतो. शिकताना बिंदू-रेघांचा तक्ता पाठ करू नये. अक्षराची लय कानाने ओळखावी. सी म्हणजे डा-डि-डा-डिट, क्यू म्हणजे डा-डा-डि-डा. अक्षरे वेगात आणि दोन अक्षरांमधली जागा मोठी ठेवून ऐकल्यास मोजण्याची सवय लागत नाही. शक्तीच्या हिशेबानेही मोर्स परवडते: बोलून जिथे शब्द ओळखू येत नाहीत तिथे पाच वॉटची मोर्स खूण स्पष्ट पोहोचते.

यंत्र घेऊन बाहेर

टेबलाशी बसून राहणे प्रकृतीला चांगले नाही, आणि या छंदात बाहेर पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. फिरतीवर स्टेशन चालवण्याविषयीची परवान्यातील तरतूद आधी वाचावी आणि परवान्याची प्रत सोबत बाळगावी.

जानापाव हे या भागातले सर्वांत चांगले ठिकाण. चंबळचा उगम तिथे मानला जातो, माथ्यापर्यंत रस्ता आहे, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनाही जाता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर उंची म्हणजे भोवतालच्या पठारापेक्षा जवळजवळ तीनशे मीटर अधिक. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, आणि मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. तीनशे मीटरसाठी ते सत्तरच्या आसपास येते. म्हणजे हातातल्या पाच वॉटच्या यंत्रावरून एका बाजूला इंदूर आणि दुसऱ्या बाजूला विंध्याच्या कड्याखाली उतरलेला निमाड असे दोन्ही टापू आवाक्यात येतात, जे पठारावरच्या घरातून जमत नाही. यंत्रासोबत येणारी रबरी अँटेना मात्र फार कमजोर असते. सुमारे ४९ सेंटीमीटरची पाव-लहर काठी आणि तिच्या तळाशी तेवढ्याच लांबीच्या तीन-चार खाली उतरत्या काड्या, एवढी घरी केलेली अँटेना हलक्या बांबूवर लावली की फरक लगेच कळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कार्तिक पौर्णिमेला तिथे जत्रा असते, तो दिवस टाळावा. आपला ग्रिड लोकेटर (नकाशावरची जागा सांगणारा संकेत) एमएल७२ असे सांगावे. ७४ ते ७६ अंश पूर्व रेखांश आणि २२ ते २३ अंश उत्तर अक्षांश यांमधला चौकोन त्यात येतो, आणि महू, जानापाव व इंदूर तिन्ही त्यातच आहेत.

सुट्टीत नातवंडे आली की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐकण्याचा बेत करावा. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जाते आणि एका फेरीत फार तर दहा मिनिटे आपल्या क्षितिजावर असते. त्याचे हौशी प्रेषण १४५.८०० मेगाहर्ट्झवर येते, आणि जाहीर केलेल्या दिवसांत तिथून चित्रेही पाठवली जातात. यंत्राच्या स्पीकरजवळ मोबाइल धरून त्यातल्या अॅपने ती रेघारेघांनी उलगडताना पाहता येतात. सूर्यास्तानंतर लवकरची फेरी निवडावी. गच्चीवरून तो तेजस्वी ठिपका सरकताना दिसतो आणि त्याच वेळी त्याचा आवाज हातातल्या यंत्रात येत असतो. मुलांना रेडिओ म्हणजे काय हे समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

दोन-चार परवानाधारक मित्र जमले तर लपवलेले प्रेषक शोधण्याचा खेळही खेळावा. एकाने शेतात छोटे प्रेषक लपवायचे आणि बाकीच्यांनी दिशा काढत जायचे. दिशादर्शक अँटेना नसली तरी चालते: यंत्र छातीशी धरून सावकाश गोल फिरावे, आवाज सर्वांत क्षीण होतो तेव्हा प्रेषक आपल्या पाठीमागे असतो, कारण मध्ये आपले शरीर आलेले असते. दोन ठिकाणांहून अशी दिशा काढून नकाशावर रेघा ओढाव्यात. पेरणी झालेल्या वावरातून जाऊ नये, बांधानेच चालावे.

नोंदवही रोजच्या रोज लिहावी: तारीख, वेळ, वारंवारिता, प्रकार, समोरची बोलखूण, दोन्ही बाजूंचे अहवाल. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून लिहावी. पहाटे साडेपाचच्या आधीचे संभाषण आदल्या दिवसाच्या तारखेत जाते, हे विसरले की क्यूएसएल कार्डांची (संभाषणाची पोच म्हणून पाठवलेल्या कार्डांची) जुळणी होत नाही. अँटेनात केलेला प्रत्येक बदल आणि त्या दिवशीचा एसडब्ल्यूआर त्याच वहीत शेवटच्या पानांवर टिपून ठेवावा. पुढच्या पावसाळ्यानंतर आकडा वाढलेला दिसला, तर बहुधा केबलच्या जोडात पाणी शिरलेले असते, आणि आधी तो जोड उघडून पाहावा.